आधी खड्डा, मग रोप

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की नंदुरबार असो, शहादा असो, तळोदा किंवा नवापूर असो, एक दृश्य हमखास दिसते. गल्लीच्या तोंडाशी रोपांनी भरलेली हातगाडी किंवा टेम्पो येऊन उभा राहतो. लाल-गुलाबी गुलाब, कळ्यांनी लगडलेला मोगरा, पिवळी शेवंती. दाराआडून आवाज येतो, "भय्या, हा गुलाब कितीला?" थोडी घासाघीस होते आणि दोन रोपे घेण्याचा विचारही नसलेल्या घरात पाच रोपे येतात. रस्त्यालगतच्या नर्सरीत गेलो तर मोह आणखी वाढतो. गेलेलो असतो कढीपत्त्याच्या एका रोपासाठी, परतताना मोटारसायकलच्या दोन्ही हँडलांना पिशव्या लटकलेल्या असतात.

कपडे, भांडी, मोबाइल यांवर जादा खर्च झाला तर घरात कुणीतरी टोकते. रोपाला कुणी टोकत नाही. "झाडच तर आहे, नेक काम आहे," असे म्हटले की विषय संपतो. आणि खरेच, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्यासाठी सदका ठरतो. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण तिच्यात लावण्याची गोष्ट आहे, विकत घेण्याची नाही. गच्चीच्या कोपऱ्यात पॉलिथिनच्या पिशवीतच वाळून गेलेल्या रोपातून कोणता पक्षी काय खाणार?

नर्सरीतले रूप आणि आपले ऊन

रोपे इतकी देखणी का दिसतात, हे आधी समजून घेऊ. शोभेच्या रोपांचा मोठा व्यापार मोजक्या ठिकाणांहून चालतो. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठचे कडियम, आपल्याकडे पुणे-सोलापूर रस्त्यावरचा उरुळी कांचनचा परिसर, आंबा-चिकूच्या कलमांसाठी शेजारच्या गुजरातेतला नवसारी-गणदेवीचा पट्टा. तिथे रोप हिरव्या जाळीच्या सावलीत, वेळेवर पाणी आणि खत मिळून वाढते. ऐन बहरात आले की गाडीत चढते. काही फुलझाडांची उंची औषधे देऊन आखूड ठेवतात, म्हणजे लहान कुंडीत फुलांचा गुच्छ भरून दिसावा. शेवंतीला तर अंधाराचे तास वाढवून हव्या त्या काळात फुलवता येते. यात फसवणूक नाही, हा धंद्याचा रीतसर भाग आहे. पण आपण जे पाहून भुलतो ते त्या रोपाचे रोजचे रूप नसते. नवरदेवाच्या पोशाखावरून माणसाचा स्वभाव ओळखू नये, तसेच हे.

मग ते रोप आपल्या जिल्ह्यात येते. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी आणि गच्चीची फरशी तव्यासारखी. सावलीत वाढलेली पाने चार दिवसांत करपतात. दुसरी अडचण मातीची. बाहेरून आलेल्या बऱ्याच रोपांच्या मुळांशी तांबड्या मातीचा घट्ट गोळा किंवा नारळाचा भुसा असतो. आपली तापीकाठची माती काळी. ती ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळते. निव्वळ काळ्या मातीत ते रोप लावले तर पावसात मुळांशी पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात दिलेले पाणी भेगांतून खाली निघून जाते, गोळा आतून कोरडाच राहतो. वरून कुंडी ओली दिसते आणि रोप तहानेने मरते. काळ्या मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळले तर हा दोष बराच कमी होतो.

गुलाबाचे आणखी एक आहे. विकायचा गुलाब बहुधा जंगली गुलाबाच्या खोडावर डोळा भरून केलेला असतो. डोळ्याच्या खालून फुटलेले जोमदार फुटवे वेळीच काढले नाहीत, तर ते चांगल्या जातीला मागे टाकतात. "पहिल्या वर्षी केवढी फुले होती, आता नुसते काटे," ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच.

खर्च कुणाच्या डोक्यावर?

समजा, रोप शंभर रुपयांचे. कुंडी दीडशेची, माती-खताचे पन्नास. म्हणजे शंभराची वस्तू तीनशेची झाली. अशी पाच घेतली तर दीड हजार. महागडे घड्याळ घेताना आपण आठवडाभर विचार केला असता.

पण पैशापेक्षा मोठा खर्च वेगळाच आहे. रोप घेतो एक, पाणी घालतो दुसरा. हौस अब्बांची किंवा मुलांची असते आणि रोज बादली उचलून जिना चढतात अम्मी. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत उन्हाळ्यात वीस कुंड्या जगवणे हे काम आहे, शोभा नव्हे. त्यात मे महिन्यात सगळे घर सुरतेला नाहीतर माहेरी जाते. आम्ही शिक्षक मंडळी हे शाळेतही दरवर्षी पाहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव होतो, 1950 पासून देशभर चालत आलेला चांगला उपक्रम. टाळ्या वाजतात, फोटो निघतात. त्या रोपाची खरी परीक्षा मात्र उन्हाळ्याच्या सुटीत असते आणि तेव्हा शाळेला कुलूप असते.

कुरआनने खाण्यापिण्यातही इसराफ, म्हणजे उधळपट्टी, करू नका असे बजावले आहे. हिरवा रंग असला म्हणून उधळपट्टी वेगळी होत नाही. शिवाय इथे प्रश्न सजीवाचा आहे. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या आणि तिला ना खायला देणाऱ्या ना मोकळे सोडणाऱ्या स्त्रीची हदीस आपण मुलांना सांगतो. मांजर आणि रोप एक नव्हेत, पण कुंडीतले रोपही एका अर्थाने कोंडलेलेच असते. जमिनीतले झाड मुळे खोल नेऊन पाणी शोधते, कुंडीतल्याला आपल्याशिवाय कुणी नाही. म्हणून ते घरात आले की अमानत झाले.

तीनशे खड्डे

या बाबतीत हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. 'मुस्नद अहमद'मध्ये तो सविस्तर आला आहे. ते गुलाम होते. सुटकेसाठी मालकाशी करार झाला, त्यात सोन्याबरोबर खजुराची तीनशे रोपे लावून देण्याची अट होती. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना मदतीचे आवाहन केले. कुणी तीस रोपे आणली, कुणी वीस, कुणी पंधरा, कुणी दहा, ज्याला जसे जमले तशी. तीनशे भरली. मग प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांना सांगितले की, जाऊन खड्डे खणा आणि झाले की मला कळवा. सोबत्यांनी हातभार लावून सगळे खड्डे खणले. त्यानंतर प्रेषित (स.) स्वतः आले आणि त्यांनी आपल्या हातांनी रोपे लावली. त्यांतले एकही मेले नाही, असे सलमान (रजि.) सांगतात.

एकही न मरणे ही अल्लाहची कृपा आणि प्रेषितांच्या हाताची बरकत. पण आपल्यासाठी त्यात एक रीतही आहे. किती रोपे लागणार ते ठरलेले होते. प्रत्येक रोपासाठी जागा तयार होती. काम वाटून घेतलेले होते. लावण्याची घाई कुणी केली नाही.

आपल्या धडगाव-अक्राणीच्या डोंगरात आजही हीच समज दिसते. तिथल्या आदिवासी कुटुंबांना आमचूर विकून चार पैसे मिळतात, ते आंब्याच्या जुन्या झाडांवरून. ती झाडे कुणी भर बहरात पाहून विकत आणलेली नाहीत. कुठल्या पिढीने ती राखली आणि कुठली पिढी खाते आहे.

घेण्यापूर्वी चार प्रश्न

नर्सरीत जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जावे, मुलांना न्यावे, नावे विचारावीत. पण पाकीट काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ठेवायचे कुठे? तिथे ऊन किती तास? पाणी कोण घालणार? सुटीत काय? उत्तर नसेल तर आज फक्त पाहावे आणि पुढच्या जुम्यानंतर पुन्हा जावे. आठ दिवसांनीही तेच रोप आठवत असेल तर खुशाल घ्यावे.

घेताना फुलांपेक्षा नवी पालवी आणि कळ्या पाहाव्यात. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण नाही ना, हे तपासावे. पिशवीच्या भोकांतून मुळांचे जाळे बाहेर आले असेल तर रोप त्यात जास्त दिवस अडकलेले आहे असे समजावे. घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवावे, मग हळूहळू उन्हात. पिटुनिया, डेलिया, पॅन्झी ही हिवाळ्याची फुले आहेत, उन्हाळा लागला की ती जाणारच. आपल्या उन्हाला सदाफुली, बोगनवेल, कोरफड, मेंदी, मोगरा चांगली तग धरतात. अंगण असेल तर शेवगा, लिंबू, सीताफळ लावावे.

लहान मुले असलेल्या घरात कण्हेर, अडेनियम, डिफेनबेकिया ही रोपे हाताशी ठेवू नयेत. तिन्ही विषारी आहेत. कुंडीखालच्या बशीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून द्यावे, डेंगीचा डास तिथेच वाढतो. आणि 'मनी प्लांट' किंवा 'लकी बांबू' घरात पैसा आणतो म्हणून घेऊ नये. तो बांबू तर जातीचा बांबूसुद्धा नाही. बरकत अल्लाहच्या हाती आहे, कुंडीत नाही.

पाण्यासाठी एक सोपी सोय आहे. वुजू करताना खाली टब ठेवावा. त्या पाण्यात साबण नसतो, झाडांना ते चालते. पाच वक्तांच्या वुजूत चार-पाच कुंड्यांची तहान सहज भागते. ज्या घरात जेवढे वुजूचे पाणी, तेवढ्याच कुंड्या, हा हिशेबही वाईट नाही.

हौस भागवायला नेहमी पैसेच लागतात असेही नाही. पावसाळ्यात मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांची फांदी लावली की फुटते. शेजारणीकडून फांदी मागावी, आपल्याकडचे सब्जाचे बी तिला द्यावे. त्यात शेजारधर्मही सांभाळला जातो आणि रोप आपल्या गल्लीच्या ऊन-पाण्याला सरावलेलेही असते.

अगदी कयामत समोर उभी असली आणि हातात रोप असले, तरी जमल्यास ते लावून टाकावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्या दीनमध्ये एका रोपाची इतकी किंमत आहे, त्या दीनच्या घरात ते पिशवीत वाळता कामा नये. तेव्हा उद्या गल्लीत टेम्पो आला आणि मूल हात ओढू लागले, तर त्याला नाही म्हणू नका. फक्त विचारा, "बेटा, खड्डा खणला का?" त्याने खणला असेल, तर रोप जरूर घ्या.