उन्हातही टिकणारे आयसिंग

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४० अंशांपुढे जातो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांनाच वितळते. म्हणून घरच्या बिस्किटांवर बटरक्रीमऐवजी पिठीसाखरेचे साधे आयसिंग भरवशाचे.

प्रमाण : पिठीसाखर १ कप (सुमारे १२० ग्रॅम), पाणी २ ते ३ छोटे चमचे, लिंबाचा रस ४-५ थेंब. साखर घरी दळली असेल तर १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून बारीक चाळणीने चाळावी. एक खडा राहिला तरी आयसिंग भरायच्या कोनाचे तोंड बुजते.

पाणी थेंबाथेंबानेच घालावे. चमच्यातून पडलेली धार १० सेकंदांत मिसळून सपाट झाली, की ते पसरायला योग्य. कडेची रेघ काढायला थोडे घट्ट हवे. ते मेंदीच्या कोनासारख्या प्लॅस्टिकच्या कोनात भरावे.

बिस्कीट पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग लावावे.

पाडव्याच्या गाठींसाठी साखरेचा पाक करून साच्यात ओततात. या आयसिंगसाठी मात्र चूल पेटवावी लागत नाही. रॉयल आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, यात नाही. रंगाला चिमूटभर हळद किंवा बिटाचा रस पुरतो. पावसाळ्यात साखर हवेतला ओलावा ओढते, तेव्हा बिस्किटे रात्रभर सुकू द्यावीत आणि मग हवाबंद डब्यात भरावीत.