काचेच्या कवचातली फळं

दोस्तांनो, बीजिंगमध्ये हिवाळा आला की रस्त्यावर लालचुटूक फळांच्या काड्या दिसू लागतात. तांगहुलू त्यांचं नाव! शानझा नावाची बोरासारखी आंबट फळं काडीला टोचून साखरेच्या पाकात घोळवतात. थंडीत पाक काचेसारखा कडक होतो. चावलं की कुडुम!

आपण द्राक्षं किंवा स्ट्रॉबेरी घेऊ. फळं धुऊन अगदी कोरडी पुसा. ओल राहिली तर पाक चिकटत नाही. चार-चार फळं काडीला टोचा.

पुढचं काम मात्र आईबाबांचं! पाणी उकळतं १०० अंशांना. हा पाक १५० अंशांपर्यंत तापतो आणि अंगावर उडाला तर चिकटूनच बसतो. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळली की ढवळू नका, नाहीतर पुन्हा दाणे धरतात. लाडवाचा एकतारी पाक इथे चालत नाही. थेंब गार पाण्यात टाकून पाहा. वाकला तर आणखी उकळा, कटकन मोडला तर झाला! गॅस बंद करून काड्या झटपट घोळवा आणि तूप लावलेल्या ताटात ठेवा.

गार झाल्या की लगेच खा. दमट हवेत कवच चिकट होतं. आणि हो, नंतर दात घासायचे बरं का!