प्रेमकथेतल्या मनाचा मागोवा

मराठीत प्रेमकथा लिहिणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. पण प्रेमात पडलेल्या माणसाचं मन नीट वाचून त्यातून पात्र उभं करणारे लेखक मोजकेच निघाले. 1930 च्या आसपासच्या कादंबऱ्यांपासून 2006 पर्यंत मागे वळून पाहिलं, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मानसशास्त्राची ओळख आपल्या लेखकांना फार लवकर झाली होती, ते पात्रांच्या अंगी मुरायला मात्र अनेक दशकं जावी लागली.

ना. सी. फडके तर पेशानेच तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांची प्राध्यापकी गाजली, आणि ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या कादंबऱ्यांनी शिकलेल्या तरुण पिढीला वेड लावलं. रुसवा, मत्सर, ओढ, मनाची घालमेल हे सगळं त्यांच्या लेखणीला सहज साधायचं. तरी त्या काळच्या त्यांच्या कादंबऱ्यांत मन हे बहुतेक कथानकाच्या दिमतीला असतं. गाठ बसायची वेळ आली की गैरसमज होतो, सुटायची वेळ आली की तो दूर होतो. अडचण येते ती बाहेरून. फडक्यांचं मोठेपण मात्र मान्यच करायला हवं. स्त्रीपुरुषांचं आकर्षण हा कादंबरीचा मध्यवर्ती विषय होऊ शकतो, त्यासाठी कसली सबब द्यावी लागत नाही, हे त्यांनी मराठी वाचकाच्या गळी उतरवलं.

खरा धक्का दिला तो विभावरी शिरूरकरांनी. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली, तेव्हा या टोपणनावामागे कोण आहे यावरून गदारोळ उठला होता. त्या होत्या मालतीबाई बेडेकर, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकवणाऱ्या. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुली त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. अशी मुलगी आईवडिलांच्या घराचा आधार होते आणि तिच्या लग्नाचा विषय हळूहळू मागे पडत जातो. तिला घरच्यांचा राग येतो, त्या रागाची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी ती आणखी राबते. हे चक्र कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. ज्या मुलींना प्रेमाची इच्छा बोलून दाखवायचीही सोय नव्हती, त्यांच्या मनात ती इच्छा कोणकोणती रूपं घेते, हे मराठीत पहिल्यांदाच एवढ्या धिटाईने आलं. बाईच्या मनाची बातमी बाईनेच दिली, म्हणून ती खरी वाटली आणि म्हणूनच अनेकांना झोंबली.

1942 मध्ये मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. पाठोपाठ नवकथाकारांनी माणसाच्या मनातले कोपरे धुंडाळायला सुरुवात केली. प्रेमकथेच्या दृष्टीने मात्र मोठं वळण आलं ते 1959 मध्ये, खांडेकरांच्या ‘ययाति’ने.

‘ययाति’ जरा जवळून पाहू. महाभारतातला ययाती भोगलोलुप राजा म्हणून आपल्याला ठाऊक असतो. खांडेकरांनी त्याला बालपण दिलं. आपलं रूप टिकावं म्हणून आईने आपल्याला अंगावर पाजलं नाही, दासीने पाजलं, हे त्या मुलाला कळतं. त्याच दासीची सोनेरी केसांची मुलगी, अलका, त्याला जीव लावते आणि आईच्याच आज्ञेने तिला विष दिलं जातं. मग हा माणूस आयुष्यभर एका स्त्रीकडून दुसरीकडे का धावतो, याचं उत्तर लेखकाला वेगळं द्यावं लागत नाही. तो सुखाच्या मागे लागलाय असं स्वतःला सांगत राहतो. वाचकाला मात्र त्याच्या धावण्यामागे एक उपाशी मूल दिसतं.

शिवाय ही कहाणी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापल्या तोंडाने सांगतात. जिच्यावर जीव होता तो कच दुरावल्याची सल मनात ठेवून देवयानी राणी होते. तिचा अहंकार ययातीला टोचतो. तिच्या तोंडून ऐकताना मात्र तो दुखावलेल्या मुलीचा चिलखती पवित्रा वाटतो. एकाच नात्याची अशी तीन सत्यं वाचकाने मनात एकदम वागवायची असतात. खांडेकर मधूनमधून बोधाकडे वळतात, भाषा अलंकारांनी जड होते, हे खरं आहे. तरी कादंबरी टिकली ती या तीन मनांच्या जोरावर. 1974 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे आधी ‘ययाति’च आली.

पुढे गौरी देशपांडे आल्या. महर्षी कर्व्यांची ही नात, इरावतीबाईंची मुलगी. ‘तेरुओ’, ‘थांग’, ‘दुस्तर हा घाट’ यांतल्या त्यांच्या नायिका शिकलेल्या, जग पाहिलेल्या आणि स्वतःच्या मनाशी वाद घालणाऱ्या आहेत. आपण प्रेमात का पडतो, का थांबतो, का निघून जातो, हे त्या स्वतःलाच विचारतात. विभावरींच्या नायिकेला जे मनातही धड उच्चारता येत नव्हतं, ते इथे नायिका बुद्धीच्या उजेडात तपासते. आणि एवढं तपासूनही मन तिच्या ताब्यात येत नाही. त्यामुळे या पात्रांना खोली आली.

2004 साली मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ने हीच गोष्ट उलट्या बाजूने केली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी. त्याच्याकडे ना प्रेमाची भाषा आहे, ना अनुभव. टोळक्यातल्या पोरांची ‘लाइन देण्या’ची बोली आहे, आणि त्याला आवडणाऱ्या मुलीच्या, शिरोडकरच्या बाबतीत नेमकी तीच त्याला अपुरी पडते. बोकील मुकुंदाच्या मनाचा उलगडा करून सांगत बसत नाहीत. ती कुठल्या वाटेने जाते, क्लासला कुठे बसते, कुणाशी बोलते, याची तो किती बारीक नोंद ठेवतो एवढंच ते दाखवतात. त्या नोंदींतूनच त्याचं प्रेम आपल्याला कळतं, बरेचदा त्याच्याही आधी.

2006 मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. तनय आणि अनुजा हे भाऊबहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या त्या तरुणाला नावही नाही. आधी तनय त्यालाच उद्देशून बोलत राहतो, मग अनुजाची रोजनिशी येते. निघून गेलेला माणूस आपल्याला फक्त या दोघांच्या ओढीतून दिसतो, आणि दोघांना दिसलेला माणूस एक नाही. माणूस प्रेमात पडतो तेव्हा समोरच्याला किती पाहतो आणि आपलीच गरज त्याच्यावर किती पांघरतो, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडलं गेलंय.

हा सगळा प्रवास आज लिहिणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असं मला मनापासून वाटतं. आता ट्रॉमा, डिप्रेशन, टॉक्सिक हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, आणि कथेतली पात्रंही एकमेकांची निदानं करत सुटली आहेत. पात्राला आपला आजार नावानिशी ठाऊक असला, की वाचकाला शोधायला काही उरत नाही. खांडेकरांच्या ययातीला स्वतःची भूक कळत नाही, बोकीलांच्या मुकुंदाला आपल्या भावनेचं नाव सापडत नाही, तनयला आपण कुणावर प्रेम केलं हेच नीट सांगता येत नाही. पात्र स्वतःपासून काय लपवतंय, हे लेखकाला पक्कं ठाऊक हवं आणि त्याने ते पात्राला सांगता कामा नये. ज्यांना हे जमलं त्यांची पात्रं आजही आपल्याशी बोलतात.