मास्तरांचा पगार : गाव कोणतं, वर्षं किती आणि ऑर्डर कसली?

मंडळी, सुट्टीवर जाऊन आलं की आपल्या गप्पांत एक वाक्य हटकून येतं. "अहो, तिकडे आता मास्तरांना काय पगार आहेत म्हणून सांगू!" त्याच बैठकीत दुसरं कुणीतरी सांगतं, "आमचा भाचा आठ वर्षं शाळेत शिकवतोय, हातात काही पडत नाही." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. आणि हा विषय नुसता गप्पांपुरता नाही. नवरा इथे बहरीनला, बायको तिकडे जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत नोकरीला, अशी घरं आपल्यात आहेत. "सोड ती नोकरी, इथल्या शाळेत मिळेल काहीतरी," असं म्हणण्याआधी तिथला पगार नेमका कशाचा बनलेला असतो हे पाहून घ्यावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात मूळ वेतनापासून करू. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला. प्रत्यक्ष पगारात तो दिसला २०१९ साली. त्यात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० ते ९२,३०० रुपये आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची ३८,६०० ते १,२२,८०० रुपये. ही श्रेणी दादरला तीच आणि भामरागडला तीच. महागाई भत्त्याचा टक्काही राज्यभर एकच. म्हणजे कागदावर पाहिलं तर गावानुसार फरक नाहीच. तो शिरतो भत्त्यांच्या दारातून.

यातला मोठा भत्ता घरभाड्याचा. शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई-पुणे वरच्या वर्गात, नागपूर, नाशिक, कोल्हापूर यांसारखी शहरं मधल्या आणि बाकीचा सगळा महाराष्ट्र शेवटच्या. २०१९ च्या निर्णयात मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांपलीकडे गेला की ते ३०, २० आणि १० व्हायचे, अशी तरतूद तेव्हाच करून ठेवलेली होती. नव्या प्राथमिक शिक्षकाच्या २९,२०० वर हिशोब केला तर मुंबईत ८,७६०, नागपुरात ५,८४० आणि खेड्यात २,९२० रुपये. मुंबई आणि खेडं यांत महिन्याला ५,८४० रुपयांचा फरक. आता मला सांगा, ८,७६० रुपयांत मुंबईत कुठली खोली मिळते? कर्जत-कसारा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या बाई काही हौसेने ती करत नाहीत. त्यामुळे कागदावर जास्त पगार घेणारी मुंबईची शिक्षिका महिनाअखेरीस तालुक्याच्या गुरुजींपेक्षा ओढाताणीत असते. लंडनमध्येही हाच प्रकार. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या पगाराचे चार पट्टे आहेत : आतलं लंडन, बाहेरचं लंडन, लंडनची कड आणि उरलेला देश. तिथेही घरमालक त्या पट्ट्यांच्या पुढेच असतो.

खेड्यातल्या घरभाड्याचं वेगळंच त्रांगडं आहे. शिक्षकाने शाळेच्या गावी, म्हणजे 'मुख्यालयी', राहायचं अशी अट आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायला सांगितला गेला. गावात भाड्याने द्यायला धड खोली नाही, मुलांना पुढची शाळा नाही, म्हणून गुरुजी तालुक्याला राहतात; मग त्यांनी भत्ता घ्यावा का, यावर विधानसभेपर्यंत वाद झाले. माझं स्वतःचं मत विचाराल, तर आधी घरं बांधा आणि मग अट घाला.

दुर्गम भागात जाणाऱ्याला सरकार काही देतं का? देतं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करताना २००२ च्या निर्णयाने वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. तिला शिक्षक 'एकस्तर' म्हणतात. शिवाय मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता. पण या भत्त्यावर १,५०० रुपयांची मर्यादा. २९,२०० चे १५ टक्के ४,३८० होतात, हातात येतात १,५००. त्या भागातून बदली झाली की एकस्तरही गेला. ज्या गावाला पावसाळ्यात रस्ता राहत नाही, तिथे जाण्याचं हे मोल.

आता अनुभवाकडे येऊ. दरवर्षी मूळ वेतनावर तीन टक्के वाढ. ऐकायला किरकोळ, पण चक्रवाढ आहे. २९,२०० वर लागलेला शिक्षक बारा वर्षांत साधारण साडेएकेचाळीस हजारांवर येतो. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण लागतं आणि निवड श्रेणी तर ठरावीक टक्के लोकांनाच. जिल्हा परिषदेतले जुने गुरुजी बारा वर्षांच्या श्रेणीला अजून 'चटोपाध्याय' म्हणतात. "तुमचं चटोपाध्याय लागलं का?" हा प्रश्न बाहेरच्याला कळणारच नाही! ऐंशीच्या दशकातल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष डी. पी. चटोपाध्याय होते, त्यांचं नाव असं महाराष्ट्राच्या पगारपत्रकात जाऊन बसलं.

पण गाव आणि वर्षं या दोन्हींपेक्षा मोठी दरी तिसऱ्याच गोष्टीने पडते : हातातली ऑर्डर कसली आहे? २००० साली 'शिक्षण सेवक' योजना आली. पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी नाही, मानधन. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला ५,०००. पुढे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झालं आणि तिथेच वर्षानुवर्षं थिजलं. २०२३ मध्ये १६,०००, १८,००० आणि २०,००० केलं. एकाच शाळेत, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या. अ तुकडीच्या बाई पूर्ण श्रेणीत, ब तुकडीचे सर सेवक. खडू तोच, फळा तोच.

त्याहून बिकट अवस्था विनाअनुदानित शाळांची. 'कायम विनाअनुदानित' म्हणून मान्यता दिलेल्या शाळांपुढचा 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढला. २०१६ मध्ये २० टक्के अनुदान सुरू झालं, मग ४०, ६० असे टप्पे. म्हणजे पंधरा वर्षं शिकवणाऱ्याचाही पगार त्याच्या अनुभवावर नव्हे, शाळा कितव्या टप्प्यावर आहे यावर ठरतो. सुरुवातीला उल्लेख केलेला भाचा या रांगेतला.

निवृत्तिवेतनाची रेघ तर तारखेची आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना अंशदान योजना. मार्च २०२३ मध्ये शिक्षकांसह राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते याच रेघेसाठी.

आता आपल्या बहरीनकडे. इथली पहिली सरकारी शाळा मुहर्रकची, १९१९ सालची. देशच एवढा लहान की मुहर्रकचा भत्ता वेगळा आणि रिफाचा वेगळा, असा प्रश्न उद्भवत नाही. पण आपल्या बायका शिकवतात त्या बहुतेक सरकारी शाळांत नव्हे, भारतीय समाजाच्या किंवा खाजगी शाळांत. १९५० पासून चालत आलेल्या इंडियन स्कूलचा कारभार पालकांनी निवडलेली समिती पाहते. अशा शाळेत पगार येतो फीमधून. म्हणजे फी वाढली की ओरडणारे आपण, आणि शिक्षिकेचा पगार कमी म्हणून हळहळणारेही आपणच. इथे महागाई भत्ता नाही, वेतन आयोग नाही. करारात लिहिलंय तेवढंच.

अनुभवाचं मोल इथे 'इंडेम्निटी'त दिसतं. खाजगी क्षेत्राच्या कामगार कायद्यानुसार पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला अर्धा महिना, पुढे वर्षाला पूर्ण महिना. समजा ३०० दिनार पगारावर एखादीने बारा वर्षं काढली, तर दीड अधिक नऊ, म्हणजे साडेदहा महिन्यांचा पगार, ३,१५० दिनार. मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सोशल इन्शुरन्सकडे भरावी लागते, पहिली तीन वर्षं पगाराच्या ४.२ टक्के आणि नंतर ८.४. मार्च २०२४ च्या आधीच्या वर्षांचा हिशोब मात्र मालकाकडेच असतो, तो लेखी घेऊन ठेवावा.

आणि तिकडची पक्की नोकरी सोडून येणाऱ्या बहिणींसाठी. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते. बिनपगारी रजा घेतली तर नोकरी टिकते, पण आजारपणासारखी कारणं सोडली तर तो काळ वेतनवाढीत धरत नाहीत. अकरा वर्षं झालेल्या बाईंनी राजीनामा देणं म्हणजे चटोपाध्यायच्या उंबरठ्यावरून मागे फिरणं. २००५ च्या आधी लागलेली असेल तर जुनी पेन्शनही त्याच कागदाबरोबर जाते. विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचायत समितीत जाऊन सेवापुस्तक उघडून बघा : नियुक्तीची तारीख, शेवटची वेतनवाढ, प्रशिक्षणाची नोंद. आणि सगळ्या पानांच्या झेरॉक्स बरोबर आणा.