लिनक्सच्या पोटातलं विंडोज

विंडोज १० ची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट पण जुन्या संगणकांच्या मालकांपैकी काहींनी उबुंटू किंवा मिंट या लिनक्स प्रणालींची वाट धरली. ब्राउझर, ईमेल, युनिकोड मराठी, सगळं सुरळीत चालतं. घोडं अडतं ते टॅलीपाशी आणि श्रीलिपीत जुळवलेल्या पेजमेकरच्या जुन्या फायलींपाशी. अशा एखाद्या कामासाठी अख्खा संगणक पुन्हा विंडोजच्या ताब्यात देण्याची गरज नाही. लिनक्समध्येच एका खिडकीत आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभं करता येतं आणि त्यात विंडोज टाकता येतं.

प्रश्न येतो सॉफ्टवेअर निवडण्याचा. बहुतेकांना आधी नाव सुचतं ते व्हर्च्युअलबॉक्सचं. इनोटेक या जर्मन कंपनीचं हे अपत्य २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. वापरायला ते सोपं आहे, यात वाद नाही. पण लिनक्सवर ते उपरं आहे. त्याचं मॉड्यूल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचं, त्यामुळे कर्नल बदलला की ते नव्यानं बांधावं लागतं. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांत एखादी कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात, तर पडदा निघून जातो आणि व्हर्च्युअलबॉक्समधलं मशीन सुरूच होत नाही. शिवाय त्याचा एक्स्टेन्शन पॅक घरगुती वापराला फुकट असला, तरी कार्यालयात परवाना विकत घ्यावा लागतो. हे बारीक अक्षरातलं कलम फार थोडे लोक वाचतात.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे. पण त्याचीही मॉड्यूल कर्नलबाहेरचीच.

केव्हीएमची गोष्ट वेगळी. क्युमरानेट या इस्रायली कंपनीत अवी किविटी यांनी ते लिहिलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलचाच भाग आहे. म्हणजे ते तुमच्या संगणकात आधीच आहे. जोडीला फाब्रिस बेलार्ड यांचा क्यूईएमयू आणि हे सगळं माऊसनं हाताळायला ‘व्हर्ट-मॅनेजर’. लिनक्सच्या डेस्कटॉपवर माझी पसंती यालाच.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ चालवा. ‘व्हर्च्युअलायझेशन’च्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर बायोसमध्ये ती सोय बंद आहे का ते पाहा. एएमडीच्या बोर्डांवर ती ‘एसव्हीएम’ या नावाखाली लपलेली असते. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्ट-मॅनेजर टाका, स्वतःला ‘लिबव्हर्ट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. रॅम ८ जीबी असेल, तर विंडोजला ४ द्या. त्याहून जास्त दिलीत तर लिनक्सच गुदमरेल.

खरी मेख डिस्कमध्ये आहे. डिस्क ‘साटा’ ठेवली तर विंडोज निमूट बसतं, पण वेग बेताचा मिळतो. ‘व्हर्टआयओ’ केली तर वेग चांगला, मात्र विंडोजचा इन्स्टॉलर डिस्कची यादी रिकामीच दाखवतो. घाबरू नका. ‘व्हर्टआयओ-विन’ची आयएसओ फाईल दुसरी सीडी म्हणून आधीच जोडून ठेवा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, त्यातला ‘व्हीआयओस्टोर’ निवडा. डिस्क लगेच दिसते. पेजमेकरसाठी विंडोज एक्सपी किंवा ७ टाकणार असाल, तर काम उरकल्यावर त्या मशीनचं आभासी नेटवर्क कार्ड काढून टाका. सुरक्षा अपडेट बंद झालेलं विंडोज इंटरनेटवर सोडणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं.

केव्हीएममध्ये उणिवा आहेतच. विंडोजसाठी थ्रीडी ग्राफिक्स दुबळं आहे आणि दोन्हीकडून दिसणारा फोल्डर जोडणं किचकट. गेम किंवा थ्रीडी आरेखन हेच काम असेल, तर व्हीएमवेअर घ्या. फक्त केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स एकाच वेळी चालवू नका: ६.१२ कर्नलपासून केव्हीएमचं मॉड्यूल सुरू होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्याकडे घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्स त्रुटी दाखवून थांबू शकतं.

आणि हो, हे सगळं सॉफ्टवेअर फुकट असलं, तरी आत बसवलेल्या विंडोजचा परवाना वेगळा लागतो.