साडेनऊची पंगत : कुंभकोणमच्या गृहप्रवेशाचा बेत

कुंभकोणममध्ये गृहप्रवेशाचा मुहूर्त बहुधा पहाटेचा, फार तर सूर्योदयाच्या आसपासचा निघतो. दारात केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांचे तोरण, उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचा कोलम. आधी गाय-वासरू घरात शिरते. मागून देवांच्या तसबिरी, पेटता दिवा, पाण्याचा कलश, मीठ, हळद आणि तांदूळ घेऊन घरची माणसे येतात. गणपतीहोम, नवग्रहहोम, वास्तुपूजा झाली की नव्या शेगडीवर दूध ठेवायचे आणि ते उतू जाऊ द्यायचे. एवढे सगळे आटोपते तेव्हा साडेसातच वाजलेले असतात. यजमान मात्र तीन वाजल्यापासून उठून उपाशी असतात.

म्हणून जुन्या पद्धतीत या दिवशी दोन जेवणावळी होत. साडेसातला इडली-पोंगलचा टिफिन आणि साडेअकरा-बाराला केळीच्या पानावरचे पूर्ण जेवण. आचारी मिळेनासे झाले, घरे सदनिकांची झाली आणि पाहुण्यांना कामावर जायची घाई असते, तेव्हा बरीच कुटुंबे दोन्हींचे मिळून एकच खाणे ठेवू लागली आहेत. साडेआठ-नऊला सुरू होणारे आणि साडेअकरापर्यंत चालणारे हे खाणे म्हणजे ब्रंचच. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये ब्रंचची तरफदारी केली ती शनिवारी रात्री जागून रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी. कुंभकोणमचा ब्रंच फार लवकर उठलेल्यांसाठी असतो, आणि बेत ठरवताना हा फरक विसरून चालत नाही.

पाहुणे एकदम येत नाहीत, तीन लाटांनी येतात. पहिली लाट मुहूर्तालाच हजर असलेल्या नातेवाइकांची. त्यांना ताबडतोब आणि पोटभर हवे असते. दुसरी शेजाऱ्यांची आणि कचेरीतल्या मंडळींची. ती पावणेनऊला येते, अर्ध्या तासात खाऊन निघते. तिसरी तंजावर, तिरुची किंवा चेन्नईहून निघालेल्यांची. तिला अकरा वाजतात आणि तिला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. तेव्हा पदार्थ किती करायचे हा प्रश्न नंतरचा. कोणता पदार्थ किती वेळ तग धरतो, हे आधी पाहावे लागते. अठरा पदार्थांची यादी करून दहा वाजता थंडगार वडे वाढण्यापेक्षा सात पदार्थ गरम वाढलेले बरे.

या कसोटीवर पोंगल पहिला येतो. तांदूळ आणि मूगडाळ मऊ शिजवून वर तूप, मिरे, जिरे, आले, कढीपत्ता आणि काजूची फोडणी. पातेले झाकून गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवले तर दोन-अडीच तास तो चांगला राहतो. घट्ट झाला तर आधणाचे पाणी आणि पळीभर तूप घालून पुन्हा सैल करता येतो. इडलीचे पीठ आदल्या संध्याकाळी जुन्या घरीच वाटून ठेवावे. कावेरीच्या खोऱ्यातल्या उकाड्यात ते भरभर फुगते. मे महिन्यात सहा-सात तास पुरतात, म्हणून फार लवकर वाटले तर सकाळी आंबट होते. पीठ रेंगाळते ते मार्गळीच्या थंडीत, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. पण त्या महिन्यात आणि आडी महिन्यात गृहप्रवेश सहसा ठेवतच नाहीत, तेव्हा ती काळजी पंचांगाने परस्पर मिटवलेली असते.

मेदूवडा मात्र हट्टी. तळून अर्ध्या तासात तो मऊ पडतो. त्यावर इथल्या घरांतला उपाय असा की पहिल्या दोन लाटांना तो गरम द्यायचा आणि उरलेले वडे दहाच्या सुमारास कोमट पाण्यातून काढून, दाबून, फोडणी दिलेल्या दह्यात सोडायचे. तिसऱ्या लाटेला दहीवडा मिळतो आणि उरल्याची भावना कोणालाच होत नाही. नारळाची चटणी एकदम वाटण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात ती दोन-तीन तासांत उतरते. अर्धी सातला, अर्धी साडेनऊला वाटावी.

कुंभकोणमचा म्हणून ओळखला जाणारा पदार्थ म्हणजे कडप्पा. इडली-डोशाबरोबरचे हे दाटसर कालवण मूगडाळ आणि बटाट्याचे असते. डाळ मऊ शिजवून घोटायची, बटाटे वेगळे उकडून हाताने जाडसर मोडायचे. ओले खोबरे, फुटाण्याचे डाळे, हिरवी मिरची, बडीशेप आणि थोडी खसखस यांचे गंधासारखे मऊ वाटण लागते. तेलात दालचिनी, लवंग, तमालपत्र, मग कांदा, आले-लसूण. त्यावर डाळ, बटाटा आणि शेवटी वाटण. वाटण घातल्यावर दोन-चार उकळ्याच द्यायच्या. सांबाराच्या शेजारी कडप्पा फिकट आणि साधा दिसतो, पण दुसऱ्यांदा मागितला जातो तो तोच. डाळ्यामुळे तो ठेवल्यावर आळतो, म्हणून शेजारी गरम पाण्याचे भांडे हवेच.

अडचण कांदा-लसणाची. होम झालेल्या घरात त्या दिवशी निदान देवाला नैवेद्य आणि पुरोहितांचे खाणे होईपर्यंत कांदा-लसूण चढवत नाहीत. काही घरी कडप्पा आले आणि हिंगावर निभावतात. तो वाईट लागत नाही, पण कडप्पा म्हणून ओळखूही येत नाही. त्यापेक्षा सांबार-चटणी सोवळ्यातली करावी आणि कडप्पा बाहेरून शिजवून साडेआठला आणवावा, हे अधिक सरळ. ज्यांना चालतो ते घेतात. सांबाराचे नाव संभाजी महाराजांशी जोडणारी गोष्ट अशा पंगतीत कोणीतरी सांगतेच. चवीला ती छान आहे, समकालीन पुराव्याचा मात्र पत्ता नाही.

मराठी घरांचा प्रश्न इथे वेगळा होतो. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते, आणि तेथून चाळीस किलोमीटरवरच्या कुंभकोणमात देशस्थ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी अशाच एका कुटुंबात जन्मले. सरफोजी दुसरे यांच्या काळातला ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठीतला पाकग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला आहे. या घरांत तमिळ टिफिन आणि मराठी जेवण यांची सांगड केव्हाच बसलेली आहे. ब्रंचच्या बेताला तिचा आयताच फायदा होतो.

तिसऱ्या लाटेच्या भातासाठी वांगीभात उत्तम. धणे, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, लाल मिरच्या आणि सुके खोबरे भाजून केलेली पूड आठवडाभर आधी तयार ठेवता येते. सकाळी वांगी परतून मोकळ्या भातात मिसळली की झाले. हा भात तासाभराने उलट जास्त मुरतो. त्याच्या जोडीला डांगर पच्चडी. भाजलेल्या उडदाचे पीठ घुसळलेल्या ताकात कालवून, मीठ आणि हिरवी मिरची घालून वर मोहरी-हिंगाची फोडणी. शेगडी अडत नाही, पाच मिनिटे लागतात, आणि पहाटेपासून धुरात बसलेल्या माणसाला थंड वाटते. शेवट दहीभाताने. तो कालवताना दह्याइतकेच दूध घालावे, म्हणजे अकरा वाजेपर्यंत आंबत नाही. गोडाला रवा केसरी की पुरणपोळी हा वाद घरोघर होतो. केसरी गरमच चांगला आणि तो सकाळीच करावा लागतो. पुरणपोळ्या आदल्या दिवशी होतात, केळीच्या पानात गुंडाळून आणता येतात आणि नव्या घरात पोळपाट-लाटणे शोधावे लागत नाही. पोळ्यांचे पारडे जड आहे.

नव्या घराची हीच खरी गंमत असते. स्वयंपाकघर सर्वांत सुंदर दिसते त्या दिवशी ते सर्वांत निरुपयोगी असते. ओट्यावर हळद-कुंकू आणि उतू गेलेले दूध, पाणी नीट वाहते की नाही याची खात्री नाही, सांडशी, विळी आणि मिठाचा डबा जुन्या घरी. म्हणून ओटा पूजेसाठी सोडून रांधणे गच्चीवर, मागच्या अंगणात किंवा जुन्या घरी ठेवतात. मुहूर्त ऐप्पसी-कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असेल, तर ईशान्य मोसमी पाऊस गृहीत धरून गच्चीवर पक्के छत घालावे लागते. नुसत्या कनातीने भागत नाही. आदल्या दिवशी एकाने नव्या घरी जाऊन गॅसचे भरलेले सिलिंडर, पिण्याच्या पाण्याचे कॅन, काडेपेटी, सुऱ्या, झारे-पळ्या, हात पुसायची फडकी आणि कचऱ्याची मोठी टोपली ठेवून यावी.

साठ पाहुण्यांचा अंदाज असा धरता येतो. इडलीला तीन किलो तांदूळ आणि पाऊण किलो उडीदडाळ. त्यात साधारण एकशे ऐंशी इडल्या निघतात. पोंगलला दीड किलो तांदूळ आणि सहाशे-सातशे ग्रॅम मूगडाळ. वड्यांना अडीच किलो उडीदडाळ. कडप्प्याला सहाशे ग्रॅम मूगडाळ आणि दोन किलो बटाटे. वांगीभाताला दोन किलो तांदूळ आणि दीड किलो वांगी, दहीभाताला दीड किलो तांदूळ. भाताचे दोन्ही प्रकार सगळेच घेत नाहीत, म्हणून ते पूर्ण साठांसाठी करायची गरज नसते. गरम राहायचे पदार्थ साठ अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजेत. कोमट भात तासन्‌तास झाकून ठेवणे हे पोट बिघडण्याचे हमखास कारण आहे.

कॉफीचा हिशेब वेगळा मांडावा, कारण इथे अब्रू तिच्यावर असते. कुंभकोणमची डिग्री कॉफी म्हणजे पाणी न घातलेले ताजे दूध आणि पितळी फिल्टरमधून उतरलेला दाट पहिला अर्क. साठ माणसे शंभर पेले पितात असे धरावे. नऊ लिटर दूध आणि सुमारे एक किलो पूड. पूजेचे दूध यातले नाही. ते निराळे, साखर घालून नैवेद्याचे. अर्क उतरायला वेळ लागतो, म्हणून एक मोठा फिल्टर रात्रीच भरून ठेवावा आणि दुसरा मुहूर्त लागताना. अर्क पुन्हा उकळू नये, कडू होतो. उकळते दूध पेल्यात ओतूनच तो गरम करायचा. पहिले पेले पुरोहितांना आणि मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना. मुहूर्तासाठी उपाशी बसवलेल्या आजीला चक्कर येणे हा गृहप्रवेशातला नेहमीचा प्रसंग आहे आणि तो सहज टळतो.

वाढण्याची सोय जागेवर ठरते. सदनिकेत पन्नास माणसे एका पंगतीत बसत नाहीत. मधला मार्ग असा की इडली, वडा आणि पोंगल मेजावर ठेवावेत, ज्याने त्याने घ्यावेत. आणि भात खाणाऱ्यांची दहा-बारा जणांची छोटी पंगत आतल्या खोलीत पानावर बसवावी. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे. वाढपी घरचेच दोन तरुण पुरतात, पण ते आधी जेवलेले हवेत. उपाशी वाढपी पळी आखडतो.

निघताना तांबूल. कुंभकोणमच्या विड्याच्या पानांना २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोवळी, मऊ पाने ही त्यांची ख्याती. पाने, सुपारी, हळद-कुंकू आणि नारळ घातलेली तांबूलाची पिशवी प्रत्येक कुटुंबाला एक, माणशी नव्हे. पाने त्याच सकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळावीत; आदल्या दिवशी पिशव्या भरून ठेवल्या तर ती आत काळवंडतात.

त्या रात्री घरच्यांनी नव्या घरातच झोपायचे असते, आणि दुपारनंतर कोणालाही पुन्हा चूल पेटवण्याचा उत्साह उरत नाही. रात्रीच्या खाण्यासाठी सकाळीच इडलीचे दोन लिटर पीठ वेगळे काढून फ्रिजमध्ये टाकावे. फ्रिज अजून आला नसेल तर ते शेजाऱ्यांकडे ठेवावे. ओळख वाढवायला ते निमित्तही पुरते.