दुहेरी काच लावण्याआधी बघा: खोलीत कूलर आहे की एसी?

बीड, माजलगाव, परळीकडे नव्या घरांना आता मोठ्या स्लायडिंग खिडक्या बसतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेला की कुणीतरी सल्ला देतोच, "आतून अजून एक काच लावा, घर थंड राहील." ही पद्धत मूळची थंड देशांतली. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याला बाहेरचे ऊन आत येऊ द्यायचे नाही. प्रश्नच उलटा आहे.

काचेचे दोन आकडे असतात. यू-व्हॅल्यू सांगते की आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता पार होते. दुसरी काच लावली की ती जवळपास निम्मी होते, हे खरे. पण थेट उन्हाची किती उष्णता घरात शिरते ते एसएचजीसी सांगतो. साध्या काचेचा तो ०.८ च्या आसपास, आणि दोन साध्या काचा लावल्या तरी ०.७ च्या आसपासच. म्हणजे पैसे दुप्पट, ऊन थोडेसेच कमी. आपल्याकडे ०.४ किंवा त्याहून कमी एसएचजीसीची सोलर कंट्रोल काच मागावी, आणि ती बाहेरच्या बाजूला बसवावी. आत बसवली तर ऊन पहिल्या काचेतून आलेलेच असते. काच तापते आणि ती उष्णता खोलीतच उतरते. नुसते 'लो-ई' ऐकून घेऊ नये, थंड प्रदेशासाठीची लो-ई काच ऊन मुद्दाम आत घेते.

आता कूलरचे. कूलरची हवा बाहेर निघायला खिडकी उघडी लागते. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. म्हणून कूलरच्या खोलीत दुहेरी काच म्हणजे पाण्यात पैसा. एसीची खोली असेल तर विचार करा.

परद्यासाठी आरशासारखी काच पुष्कळ घरांत लावतात. दिवसा ती काम देते. मगरीबनंतर आत दिवे लागले की बाहेरून सगळे दिसते! तेव्हा जाड पडदा लागतोच.

आमच्या मते पहिला खर्च सावलीवर करावा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली, त्या हिशेबातही खिडकीवरच्या छज्जाला सूट मिळते. पण पश्चिमेचे ऊन खाली कललेले असते, तिथे एकटा छज्जा पुरत नाही. आपला किब्लाही पश्चिमेलाच, त्यामुळे त्या बाजूला खिडकी असली की असरच्या नमाजला ऊन थेट तोंडावर येते. तिथे खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी सोडावी. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, चिक ते काचेपर्यंतच येऊ देत नाही.

एवढे करूनही एसीची खोली तापत असेल तर काचेकडे वळा. दुकानदाराकडून एसएचजीसीचा आकडा लेखी घ्या. तो "साहेब, एकदम भारी काच आहे" एवढेच म्हणत असेल तर दुसरे दुकान बघा.